पैनगंगेचे दोन काठ आणि यात्रेची मिळकत

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुका आणि नांदेड जिल्ह्यातील माहूर यांच्यामधून पैनगंगा वाहते. माहूरला रेणुकेचे शक्तिपीठ, दत्तशिखर, अनसूयेचे मंदिर. महागावकडे कापूस आणि सोयाबीन. धनोड्याच्या पुलावरून गडाकडे जाणारे भाविक दोन्ही काठांना दिसतात. पण त्यांच्यावर पोट मात्र एकाच काठाचे चालते.

पर्यटकांविषयी स्थानिकांचे मत कसे घडते? जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ मध्ये त्याच्या पायऱ्या मांडल्या : आधी उत्साह, मग उदासीनता, पुढे चीड आणि अखेरीस उघड विरोध. परंतु एकाच गावात, एकाच वेळी एक जण खूश आणि दुसरा वैतागलेला का असतो, हे या पायऱ्यांवरून कळत नाही. १९९२ मध्ये जॉन अॅप यांनी सामाजिक देवघेवीचा सिद्धान्त या प्रश्नाला लावला. मिळकत त्रासापेक्षा जास्त वाटली की माणूस पर्यटनाच्या बाजूने झुकतो.

नवरात्राचे उदाहरण घ्या. नारळ, ओटीचे सामान, तांबूल विकणाऱ्याची वर्षाची बेगमी या नऊ दिवसांवर असते. त्याच सुमारास सोयाबीनची काढणी चालते. शेतमाल घेऊन निघालेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्या गर्दीतून येते ती फक्त रस्त्यावरची खोळंबा. शिवाय यात्रेकरू हा निव्वळ पर्यटक नव्हे. शेतकरीही देवीचा भक्तच. त्यामुळे राग यात्रेवर निघत नाही, निघालाच तर व्यवस्थेवर निघतो.

मग विक्रेत्याचा होकार म्हणजे समाधान का? करोनाकाळात बंद झालेली राज्यातील मंदिरे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याला उघडली. पुन्हा बंद होऊन ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेला उघडली. गर्दी म्हणजे संसर्गाची भीती आणि गर्दी नाही म्हणजे गल्ला रिकामा. ज्याला दुसरा धंदा नाही, त्याला भीती गिळूनच गर्दीचे स्वागत करावे लागते. शेतकऱ्याला यात्रेविषयी मोकळेपणी कुरकुरता येते, कारण त्याची चूल तिच्यावर पेटत नाही.

म्हणून ‘यात्रा हवी का?’ एवढेच विचारून स्थानिकांचे मन कळत नाही. ‘यात्रा नसती तर काय केले असते?’ हेही विचारावे लागते. ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याच्या पहिल्या होकारात आवड किती आणि नाइलाज किती, हे तपासल्याशिवाय तो विकासाच्या खात्यावर जमा धरू नये.