मध्यरात्रींचें रडें

दीड वर्षाचें मूल. कित्येक महिने रात्रभर स्वस्थ झोपणारें. एके रात्रीं दोन वाजतां तें उठून बसतें आणि आई जरा दूर होतांच टाहो फोडतें. मग घरांत कोणी दृष्ट काढतें, कोणी आईच्या लाडांना बोल लावतें.

श्रोतेहो, दोष बहुधा कोणाचाच नसतो. या वयांत मुलाला पाय फुटलेले असतात, वाचा फुटूं लागलेली असते; आणि आई दिसत नसली तरी ती कोठें तरी आहे, हें त्याला उमजलेलें असतें. म्हणूनच तिचा वियोग जाचतो.

सलग झोप कोणालाच नसते. आपणही रात्रीं अनेकदां अर्धवट जागे होतों व कूस पालटून पुन्हां झोपतों. मूल मात्र ज्या आधारानें झोपीं गेलें, तोच आधार शोधतें. मांडीवर झोपलेल्यास मध्यरात्रीं मांडीच हवी. यासाठीं त्याला पेंगुळलेलें, पण जागें असतांनाच अंथरुणावर घालावें व शेजारीं बसून थोपटावें. रात्रीं उठल्यास दिवा लावूं नये, खेळ मांडूं नये. मोबाईल तर मुळींच दाखवूं नये.

दुपारची झोप मोडली कीं रात्रीं गाढ लागेल, ही समजूत खोटी. अति दमलेलें मूल अधिकच किरकिरतें. एक ते दोन वर्षांच्या मुलास दुपारची धरून ११ ते १४ तास झोप हवी.

हें बहुधा कांहीं आठवड्यांत निवळतें. तोंवर जागरण एकट्या आईच्या माथीं नसावें. वडिलांनींही पाळी घ्यावी. मात्र ताप असेल, किंवा घोरतांना श्वास अडखळत असेल, तर अंगाई पुरे, डॉक्टरांना दाखवावें.