शालेय ग्रंथसंग्रहासाठी कलेतिहासाच्या सचित्र ग्रंथाची निवड

प्राथमिक शाळेच्या ग्रंथसंग्रहात गोष्टींची, चरित्रांची व विज्ञानविषयक पुस्तके बहुधा असतात. कलेच्या इतिहासावरील सचित्र ग्रंथ मात्र क्वचितच आढळतो. असा ग्रंथ महाग असतो आणि एकदा घेतला की पुढील अनेक वर्षे दुसरा घेणे शाळेस शक्य होत नाही. ज्या मुलांनी वस्तुसंग्रहालय कधी पाहिलेले नाही, त्यांच्या लेखी त्या एका ग्रंथातील चित्रे म्हणजेच जगातील सारी कला होय. ग्रंथ सदोष असेल, तर त्यातील दोषही ज्ञान म्हणूनच त्यांच्या मनात रुजतात. म्हणून खरेदीपूर्वी शिक्षकाने काय पाहावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

मूळ कलाकृती आणि तिची प्रतिकृती यांचे नाते किती नाजूक आहे, हे अजिंठ्याच्या उदाहरणावरून ध्यानात येते. रॉबर्ट गिल याने तेथील भित्तिचित्रांच्या केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे 1872 पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम नव्याने हाती घेतले. परंतु त्यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकीही अनेक 1885 सालच्या आगीत नष्ट झाल्या. तथापि ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ 1896-97 साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला आणि अजिंठा न पाहिलेल्यांनाही ती चित्रे पाहावयास मिळाली. जे स्थलांतरित करता येत नाही ते दूरच्या माणसापर्यंत नेणे, हे सचित्र ग्रंथाचे खरे कार्य आहे. ते तो किती प्रामाणिकपणे करतो, हीच त्याची कसोटी.

पहिली कसोटी चित्राखालील मजकुराची. कलाकृतीचा काळ, माध्यम, सध्याचे स्थान आणि मोजमाप या चारही गोष्टी तेथे असाव्यात. यांपैकी मोजमाप सर्वांत अधिक वेळा गाळले जाते. लिओनार्दोचे ‘मोना लिसा’ हे चित्र अवघे 77 सेंटिमीटर उंच व 53 सेंटिमीटर रुंद आहे. पिकासोने 1937 साली रंगविलेले ‘गेर्निका’ सुमारे 3.5 मीटर उंच व 7.8 मीटर रुंद आहे. ग्रंथात मात्र दोन्ही एकेका पानावर येतात आणि मुलास ती सारखीच वाटतात. मोजमाप दिलेले असेल, तर शाळेच्या अंगणात खडूने दोन्ही चौकटी आखून हा भेद पाच मिनिटांत दाखविता येतो.

दुसरी कसोटी रंगांची व आवृत्तीच्या वर्षाची. एकाच चित्राची दोन ग्रंथांतील छपाई शेजारी ठेवून पाहावी. त्वचेचा रंग एकात पिवळा व दुसऱ्यात तांबूस दिसला, तर सावध व्हावे. व्हॅटिकनमधील सिस्टाइन प्रार्थनागृहाच्या छतावरील मायकेलअँजेलोची चित्रे 1980 ते 1989 या काळात स्वच्छ करण्यात आली. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ती काजळलेली व करडी दिसतात, नंतरच्या ग्रंथांत ती उजळ रंगांची आहेत. फ्रान्समधील शोव्हे गुहेतील आदिमानवाची चित्रे 1994 साली सापडली, तेव्हा त्याआधीच्या ग्रंथात ती असणारच नाहीत. बामियानच्या भव्य बुद्धमूर्ती 2001 साली उद्ध्वस्त करण्यात आल्या. जुना ग्रंथ त्या उभ्या आहेत असेच सांगेल. जुना ग्रंथ यामुळे त्याज्य ठरत नाही. मात्र त्यातील उणिवा शिक्षकास ठाऊक असाव्यात.

तिसरी कसोटी मजकूर व चित्र यांच्या मेळाची. ई. एच. गोंब्रिख यांचा ‘द स्टोरी ऑफ आर्ट’ हा 1950 साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ या दृष्टीने आदर्श मानला जातो. जी कलाकृती चित्ररूपाने दाखविता येत नाही, तिच्याविषयी शक्यतो लिहावयाचे नाही, असे बंधन लेखकाने स्वतःवर घालून घेतले होते. यामुळे वाचक नावांच्या यादीत न हरवता चित्र पाहत पाहत पुढे जातो. ज्या ग्रंथात नावे पुष्कळ व चित्रे थोडी, तो मुलांच्या हाती देण्याजोगा नव्हे.

चौथी कसोटी मात्र या आदर्श ग्रंथासही लावली पाहिजे. इतिहास कोणाचा सांगितला आहे? गोंब्रिख यांच्या ग्रंथात भारताच्या वाट्यास फारच थोडे येते आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीत एकाही स्त्री-कलावंताचा समावेश नव्हता. ही उणीव दाखविण्यासाठीच केटी हेसल यांनी 2022 साली केवळ स्त्रियांच्या कलेचा इतिहास लिहिला. तेव्हा अनुक्रमणिका उघडून भारत, चीन, आफ्रिका यांना किती पाने आहेत ते मोजावे. युरोपीय कलेचा ग्रंथ घेण्यास हरकत नाही. पण मुखपृष्ठावर ‘जगाची कला’ आणि आत केवळ युरोप, असे असू नये. अजिंठ्याच्या चित्रांनी प्रभावित झालेल्या अमृता शेरगिल यांच्यासारख्या चित्रकर्तीचे नाव आढळते का, हेही पाहावे.

पाचवी कसोटी तंत्राच्या स्पष्टीकरणाची. अजिंठ्याची चित्रे वाळलेल्या गिलाव्यावर रंगविलेली आहेत, तर सिस्टाइनच्या छतावरील चित्रे ओल्या गिलाव्यावर. चांगला ग्रंथ हा भेद सांगतो. वेरूळचे कैलास लेणे दगडावर दगड रचून बांधलेले नसून एकाच खडकातून वरून खाली कोरीत आणलेले आहे. एका छायाचित्रावरून हे कळत नाही, त्यासाठी आराखडा हवा.

यांखेरीज बांधणी शिवलेली आहे की केवळ डिंकाने चिकटविलेली, हेही पान उलगडून पाहावे. अनेक हातांत फिरणारे चिकटविलेले पुस्तक लवकरच सुटते. ग्रंथ वर्गात नेण्यापूर्वी प्रत्येक चित्र शिक्षकाने स्वतः पाहून ठेवावे. ग्रीक शिल्पांत तसेच आपल्या लेण्यांतही अनावृत देह आहेत. अशी पाने चिकटवून टाकणे किंवा ग्रंथ कपाटात बंद करणे हा उपाय नव्हे. शिक्षक स्वतः न संकोचता त्या शिल्पाची घडण समजावून देऊ लागला, की मुलेही त्याच दृष्टीने पाहू लागतात.

निधी अपुरा असल्यास केंद्रातील दोन-तीन शाळांनी भिन्न ग्रंथ घेऊन ते आळीपाळीने वापरावेत. म्हणजे प्रतिकृती ताडून पाहण्याची सोयही आपोआप होते. ग्रंथ आल्यावर आठवड्यास एकच चित्र उघडून ठेवावे, मुलांना प्रथम काय दिसते ते सांगू द्यावे आणि मगच चित्रकाराचे नाव सांगावे. गावातील देवळाचा खांब, बारव किंवा वीरगळ यांकडेही मुलांची नजर त्याच बारकाईने वळू लागली, म्हणजे ग्रंथाची निवड योग्य झाली असे समजावे.