तापत्या जगात पाळणा : प्रश्न भरवशाचा

लग्नाला दोन वर्षं होत आली की घरातली वडीलधारी मंडळी ‘गोड बातमी कधी?’ असं विचारू लागतात. नोकरीची घडी बसू दे, घराचे हप्ते फिटू देत, ही त्यावरची उत्तरं आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहेत. अलीकडे त्यांत एका नव्या उत्तराची भर पडली आहे : जग असं तापत असताना त्यात आणखी एक जीव आणायचा कशाला? ज्येष्ठांना ही जबाबदारी टाळण्याची पळवाट वाटते. पण हे उत्तर देणारे थोडेथोडके नाहीत. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकाने २०२१ मध्ये भारतासह १० देशांतल्या, १६ ते २५ वयोगटातल्या १०,००० तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातले ५९ टक्के तरुण हवामान बदलामुळे खूप किंवा अतिशय चिंतेत होते. ७५ टक्क्यांना भविष्याची भीती वाटत होती आणि या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो, असं ४५ टक्क्यांनी सांगितलं. मूल होऊ द्यायला आपण कचरतो, असं म्हणणारे ३९ टक्के होते. पाहणी ऑनलाइन होती, त्यामुळे इंटरनेट नसलेल्यांचा आवाज तिच्यात नाही. शिवाय विशीतलं कचरणं म्हणजे आयुष्यभराचा निर्णय नव्हे. तरीही दहातले चार तरुण असं बोलत असतील, तर त्यांना नेमकं काय म्हणायचं आहे हे तरी समजून घ्यायला हवं.

या कचरण्यात दोन वेगवेगळ्या काळज्या मिसळलेल्या असतात आणि चर्चेत त्यांची हमखास गल्लत होते. पहिली काळजी पृथ्वीची : माझ्या मुलामुळे कार्बनचा बोजा वाढेल. दुसरी काळजी मुलाची : या पृथ्वीवर त्याचे हाल होतील. अमेरिकेत २७ ते ४५ वयाच्या ६०७ जणांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाचा विचार करताना हवामान बदल आधीच हिशेबात धरणारी ही माणसं होती. त्यांच्यापैकी सुमारे ६० टक्क्यांना कार्बनच्या बोजाची मोठी चिंता होती, तर आपल्या झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या मुलांचं कसं होईल याची मोठी चिंता ९६ टक्क्यांहून अधिक जणांना होती. म्हणजे ज्या काळजीचा वादविवादांत जास्त गवगवा होतो ती दुय्यम आहे आणि खरी धास्ती दुसरीच आहे. माझं म्हणणं असं की पहिली काळजी तपासून पाहिली तर बरीच हलकी होते, आणि दुसरी मुळात भरवशाबद्दलची आहे. संकट आलं तर आपली व्यवस्था माझ्या मुलाला सांभाळेल का, हा तिचा गाभा आहे.

आधी कार्बनचा हिशेब पाहू. ‘एक मूल कमी, म्हणजे वर्षाला ५८.६ टन कार्बनची बचत’ हा आकडा २०१७ च्या एका शोधनिबंधातून जगभर पसरला. तो विकसित देशांपुरता होता आणि त्यामागे अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेलं गणित होतं. या गणितात मुलाच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातला निम्मा वाटा एका पालकाच्या नावावर पडतो, नातवंडाचा पाव, पणतवंडाचा त्याच्याही निम्मा, असं करत पुढच्या अनेक पिढ्यांची बेरीज होते. माणशी उत्सर्जन आज आहे तेवढंच राहील असं धरलं, तर एका अमेरिकी मुलामागे ही बेरीज ९,४४१ टनांवर जाते. उत्सर्जन झपाट्याने घटेल असं धरलं, तर तीच ५६२ टनांवर येते. मूल तेच, फरक फक्त वीज कशापासून बनते आणि गाड्या कशावर धावतात याचा. शिवाय याच गणितात बांगलादेशातल्या मुलाच्या मानाने अमेरिकी मुलाचा बोजा १६० पटींहून अधिक निघतो. भारतात आजही माणशी वार्षिक उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे, अमेरिकेत सुमारे चौदा टन. अमेरिकेचा आकडा उचलून पुण्यातल्या किंवा पणजीतल्या जोडप्याने अपराधी वाटून घेणं गैरलागू आहे. वेळेचं गणितही जुळत नाही. उत्सर्जन येत्या पंचवीसेक वर्षांत आटोक्यात आणायचं आहे, आणि आज जन्मलेलं मूल स्वतःच्या कमाईने खर्च करू लागेल तोवर तो काळ संपत आलेला असेल.

‘असेना का, पण लोकसंख्या घटली तर वाईट काय?’ असं कुणी विचारेल. लोकसंख्येचा भार खोटा नाही. मात्र भारतातला जन्मदर हवामानाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून घसरतो आहे. १९९२-९३ मध्ये दर स्त्रीमागे सरासरी ३.४ मुलं होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ती २.० वर आली. महाराष्ट्रात हा आकडा १.७ आहे, गोव्यात १.३. मुलींचं शिक्षण, बालमृत्यूंतली घट आणि गर्भनिरोधकांची उपलब्धता यांनी हे घडवलं. जन्माला येणाऱ्यांची संख्या हे सरकारी लक्ष्य बनतं तेव्हा काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. आणीबाणीत नसबंदीचे कोटे ठरले आणि १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच संमत केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं. या सक्तीच्या किती तरी आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. मूल कधी, किती, की मुळीच नको, हे स्त्रीपुरुषांनी समजून उमजून ठरवावं, हा त्यांचा आग्रह. सक्तीने जे नासलं ते कर्व्यांच्या वाटेने साधलं. तेव्हा ‘पृथ्वीसाठी मूल नको’ याचा उपदेश करू नये आणि ‘देशासाठी मूल हवं’ याचाही.

आता दुसरी काळजी. ती हलकी नाही. २०२० मध्ये जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला, सध्या देशांनी दिलेली वचनं पाळली गेली तरी, १९६० मध्ये जन्मलेल्या माणसाच्या दुप्पट ते सातपट टोकाच्या नैसर्गिक आपत्ती येतील, त्यांतही उष्णतेच्या लाटा सर्वाधिक, असा अंदाज ‘सायन्स’मधल्या २०२१ च्या अभ्यासाने मांडला. पण आपत्ती येणं आणि तिने जीव घेणं यांच्यामध्ये व्यवस्था उभी असते. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं गेली. २०१९ मध्ये तिथेच ‘फनी’ आलं तेव्हा मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला, कारण मधल्या वीस वर्षांत निवारे बांधले गेले, इशारे गावोगाव पोचू लागले आणि वादळ धडकण्याआधी लाखो लोकांना हलवलं गेलं. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर शहराने २०१३ मध्ये उष्माघात कृती आराखडा राबवला आणि पुढे दरवर्षी हजाराहून अधिक मृत्यू टळले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणून ‘सगळं संपलंच’ हा निष्कर्ष पुराव्याला धरून नाही. मात्र तरुणांची शंका नेमकी इथेच आहे : ही तयारी कुणी करेल का? लॅन्सेटच्या पाहणीतही सरकारांनी आपल्याला वाऱ्यावर सोडलं, दगा दिला, या भावनेचा चिंतेशी थेट संबंध आढळला.

हे सगळं खात्यापित्या घरांचं दुखणं आहे, असा आक्षेप घेतला जातो. सर्वेक्षणाला उत्तरं देणं ही चैन असेलही. पण कोरड्या आभाळाचा आणि गर्भाशयाचा संबंध पाहायचा तर बीडकडे पाहावं. पाऊस दगा देतो, शेतात काम नसतं, म्हणून मुकादमाकडून उचल घेऊन जोडपी पाच-सहा महिने ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. जोडप्याला तिथे ‘कोयता’ म्हणून मोजतात आणि दिवसाचा खाडा झाला तर दंड भरावा लागतो. फडात ना संडास, ना पाण्याची सोय. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावीच लागते. राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. याचा दोष एकट्या दुष्काळाचा नाही. कर्ज, मजुरीची पद्धत आणि खासगी डॉक्टर यांचाही आहे. पण म्हणूनच हे उदाहरण बोलकं आहे. शहरातली मुलगी ‘आई होऊ की नको’ असा विचार तरी करू शकते. व्यवस्था कोलमडते तिथे हा प्रश्न विचारण्याचीही सवड मिळत नाही.

दुसरा आक्षेप जुनाच : ज्याने चोच दिली तो चाराही देईल. आमच्या आजी-पणजींनी प्लेग पाहिला, दुष्काळ पाहिले, तरी पाळणे हललेच ना! हललेच, पण त्या बायकांना ‘नको’ म्हणायची सोय कुठे होती? आणि त्या पाळण्यांतली किती मुलं पाच वर्षांची झाली, हेही त्याच दमात सांगायला हवं. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : खरं कारण पैशाचं, हवामान हे नुसतं निमित्त. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत मूल होण्याची शक्यता कमी मानणाऱ्या, पन्नाशीच्या आतल्या अमेरिकनांपैकी ५७ टक्क्यांनी ‘मुळात नकोच’ हे, ३६ टक्क्यांनी परवडत नसल्याचं, तर २६ टक्क्यांनी पर्यावरणाचं कारण मोठं मानलं. म्हणजे पर्यावरण हे क्वचितच एकटं कारण असतं, हे खरं. पण घर परवडेल का, नोकरी टिकेल का, प्यायला पाणी असेल का, हे एकाच शंकेचे तीन अवतार आहेत. आज मूल आणलं तर पुढची तीस वर्षं धकतील याची हमी कुणी देत नाही, ही ती शंका.

म्हणून या चिंतेवर नुसत्या समुपदेशनाचा उतारा अपुरा आहे. झोप उडाली असेल तर डॉक्टरकडे जावंच, पण जिला कारण आहे ती काळजी आजार ठरत नाही. माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाच्या खटल्यात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या कलमांत आहे, असं मान्य केलं. हा हक्क कागदावरून खाली उतरवायचा तर मागण्या साध्या आहेत : शहराच्या उष्मा आराखड्याला अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद, एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात मुलं न बसवणं, गर्भवती मजुरांना दुपारची सुट्टी, फडावर पाणी आणि संडास. मूल होऊ द्यायचं की नाही हे जोडप्याने ठरवावं आणि त्याचं उत्तर काहीही असलं तरी त्याचा मान राखावा. त्या मुलाला सावली आणि पाणी मिळेल की नाही, हे मात्र एकट्या जोडप्याच्या हातात नाही. ते प्रभाग समितीत, जिल्हा नियोजनाच्या बैठकीत आणि मतदानाच्या रांगेत ठरतं. नातवंडाची आस असलेल्या पिढीकडे आज त्या तिन्ही ठिकाणी वजन आहे. तरुणांना धीर द्यायचा असेल, तर ते वजन तिथे वापरावं.