गळाचे बूच

पनवेल तालुक्याला एका अंगाला खाडी लाभली आहे आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. माथेरानच्या डोंगररांगेतून उतरणारी गाढी नदी पावसाळ्यात दुथडी भरून वाहते आणि उन्हाळ्यात जेमतेम नावापुरती उरते. पाताळगंगेची गोष्ट निराळी. घाटमाथ्यावरील वळवण, लोणावळे आणि शिरवटे या तलावांचे पाणी मोठमोठ्या नळांतून खोपोलीच्या वीजगृहात उतरते आणि तेथील चक्रे फिरवून पाताळगंगेस मिळते. हे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, आणि तेव्हापासून ही नदी भर वैशाखातही वाहती असते. खालापुराकडून आपट्याकडे येताना ती कोठे डोहात विसावते, तर कोठे गुडघाभर पाण्याने गोट्यांवरून खळाळत धावते.

अशा उथळ पण वेगवान पाण्याच्या काठी एखादा मनुष्य हाती काठी घेऊन तासन्‌तास उभा असलेला दिसतो. काठीला दोरी, दोरीला तरंगते बूच, बुचाखाली थोडे वजन आणि शेवटी आमिष लावलेला गळ, एवढाच त्याचा संसार. पाहणाऱ्यास हा आळशाचा उद्योग वाटेल. परंतु त्यामागे जलप्रवाहाचे केवढे ज्ञान आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. ही विद्या जुनीही आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात माशांचे प्रकार, त्यांची आमिषे आणि गळाने मासे धरण्याची रीत यांस एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

प्रथम माशाचा विचार करू. वाहत्या पाण्यात मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून राहतो. त्यामुळे त्याला श्वसनासाठी ताजे पाणी मिळते आणि वाहून येणारे भक्ष्य समोरच दिसते. तथापि अखंड पोहत राहणे त्यालाही परवडत नाही. म्हणून तो एखाद्या मोठ्या दगडाच्या आडोशाला, तळाजवळच्या संथ पाण्यात दबा धरतो. मळ्या नावाचा लहान मासा तर तोंडाखालील चकतीने दगडाला चिकटूनच राहतो.

तळाजवळचे पाणी संथ का असते? तळातील वाळू, गोटे आणि शेवाळ यांचे पाण्याशी घर्षण होते व तेथील वेग मंदावतो. पृष्ठभागावर हा अडथळा नसल्यामुळे वरचे पाणी पुढे धावते. गळ टाकणाऱ्याची सारी अडचण येथेच आहे. बूच वरच्या वेगाने पळते आणि खालच्या आमिषास फरफटत नेते. तळाशी सर्व वस्तू सावकाश वाहत असताना एकच गांडूळ घाईने धावू लागले, तर माशाला संशय आल्यावाचून राहील काय? म्हणून जाणता मनुष्य दोरी किंचित ताणून बुचाला मागे धरतो. मग आमिष पुढे आणि बूच मागे, असे दोघे तळाच्या गतीने उतरू लागतात. दोरी फार ताणली, तर आमिष वर उचलले जाते. अगदी सैल सोडली, तर बूच सुसाट सुटते. या दोहोंमधला नेमका बिंदू पुस्तकात सापडत नाही. तो हातालाच कळावा लागतो.

बुचाची निवडही पाण्यानुसार करावी लागते. संथ डोहात मोरपिसाची बारीक दांडी पुरते, कारण माशाने हलका स्पर्श करताच ती थरथरते. खळाळत्या पाण्यात मात्र ती बुडून दिसेनाशी होते. तेथे वरच्या अंगाला जाड असलेले, अधिक वजन पेलणारे बूच हवे. बूच आणि गळ यांमधील अंतर साधारणपणे पाण्याच्या खोलीइतके ठेवतात, म्हणजे आमिष तळाला जेमतेम स्पर्श करीत जाते. बूच प्रत्येक वेळी त्याच जागी बुडाले, तर तो मासा नसून तळातला दगड आहे, असे समजावे. ते एकाएकी आडवे सरकले किंवा प्रवाहाविरुद्ध गेले, तर मात्र हात सावध करावा.

वजनासाठी पूर्वीपासून शिशाच्या गोळ्या वापरतात. परंतु शिसे विषारी आहे. इंग्लंडमध्ये नदीत पडलेल्या अशा गोळ्या गिळून हंस मरू लागले, तेव्हा १९८७ साली तेथे लहान गोळ्यांच्या विक्रीवर बंदी आली. आपला छंद दुसऱ्या जिवाला घातक ठरू नये, हा धडा आपणही घ्यावा.

मृगाच्या पहिल्या पुरात अनेक मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. कोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात. त्या दिवसांत ओढे अडवून मासे सरसकट धरले, तर पुढल्या वर्षीचे बीजच खुंटते. विष किंवा सुरुंग यांनी तर पिलांसकट सारा डोह ओस पडतो. गळाचे तसे नाही. त्याला एका वेळी एकच मासा लागतो, आणि तो अंड्यांनी भरलेला दिसला, तर ओल्या हाताने अलगद सोडूनही देता येतो. किती घ्यावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे येथे माणसाच्या हाती राहते.

मुलांनो, नदीकाठी जाल तेव्हा वडीलधाऱ्यांच्या सोबतीनेच जा. पावसाळ्यात प्रवाहात पाऊल घालू नका. पाताळगंगेत तर आभाळ निरभ्र असतानाही वीजगृहातून पाणी सुटून पातळी वाढू शकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचे गाऱ्हाणे २०१८ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. पाण्यावर बूच निश्चल राहते, त्याचे कारण प्रत्येक वेळी गळ टाकणाऱ्याचे अज्ञान नसते. कधी कधी खाली मासाच उरलेला नसतो. बूच हलत राहावे असे वाटत असेल, तर आधी नदी जिवंत राहिली पाहिजे.