'डेबिल' म्हणजे काय? जुनं ऑस्ट्रेलियन सिनेमा पोस्टर अस्सल आहे का, हे कसं ओळखतात?

समजा, एका ऑनलाइन लिलावात 'कॅसाब्लांका'चं पोस्टर विक्रीला आहे. अरुंद, उभट, घड्यांच्या खुणा पडलेलं. खाली लिहिलंय: 'ओरिजिनल, ऑस्ट्रेलिया, 1942.'

यातली पहिली शंका घ्यायची ती सालाची. 'कॅसाब्लांका' न्यूयॉर्कमध्ये लागला तोच नोव्हेंबर 1942च्या अखेरीस, आणि अमेरिकेत सगळीकडे जानेवारी 1943मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या प्रेक्षकांपर्यंत तो त्यानंतर पोहोचला. म्हणजे 1942 हे साल चित्रपटाचं झालं, पोस्टरचं नाही. शिवाय गाजलेले चित्रपट पुन्हा पुन्हा लागायचे आणि प्रत्येक वेळी नवं पोस्टर छापलं जायचं. पहिल्या प्रदर्शनाचं पोस्टर आणि वीस वर्षांनी छापलेलं पोस्टर यांच्या किमतीत प्रचंड तफावत असते, त्यामुळे हा फरक ओळखता येणं महत्त्वाचं.

अमेरिकन पोस्टरवर निदान एक धागा मिळतो. साधारण 1940पासून 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या बहुतेक पोस्टरांचं वितरण नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही कंपनी करायची. तळाशी '56/123' अशा धाटणीचा आकडा असायचा. पहिले दोन अंक सालाचे आणि आधी 'आर' असेल तर चित्रपट पुन्हा प्रदर्शित झालेला. ऑस्ट्रेलियन पोस्टरवर हा आकडा नसतो आणि छपाईची तारीखही सहसा नसते. तिथे इतर खुणांवरून अंदाज बांधावा लागतो.

आधी टेप घ्या

ऑस्ट्रेलियाचं खास पोस्टर म्हणजे 'डेबिल'. थिएटरबाहेर लावायचं, लांबट आणि अरुंद. दुसऱ्या महायुद्धाआधी ते साधारण 15 बाय 40 इंचांचं असायचं. युद्धात कागदाची टंचाई झाली आणि पोस्टर आकसलं, 10 बाय 30 इंचांपर्यंत. युद्धानंतर 13 बाय 30 हा आकार रुळला आणि पुढची काही दशकं टिकला. 1980च्या दशकात लांबी आणखी थोडी कमी झाली. त्यामुळे 1930च्या दशकातल्या चित्रपटाचं डेबिल 13 बाय 30 भरलं, तर ते पहिल्या प्रदर्शनाचं असण्याची शक्यता फारच कमी. एक-दोन इंचांचा फरक मात्र मनावर घेऊ नये, कडा कापलेली पोस्टरं भरपूर सापडतात.

दुसरी खूण तळाच्या बारीक अक्षरांत असते, ती म्हणजे छापखान्याचं नाव. डब्ल्यू. ई. स्मिथ, रिचर्डसन स्टुडिओ, एफ. कनिंगहॅम, रॉबर्ट बर्टन, एम.ए.पी.एस. लिथो ही नावं वारंवार दिसतात. यातली शेवटची दोन 1970च्या दशकातल्या पोस्टरांवर नेहमीची. 1940च्या दशकातल्या चित्रपटाखाली 'एम.ए.पी.एस. लिथो' दिसलं, तर ते नंतरच्या प्रदर्शनाचं पोस्टर आहे असं समजावं. अशी पोस्टरं कधीकधी खर्च वाचवायला दोनच रंगांत छापलेली असतात.

सगळ्यात भरवशाची खूण: सेन्सॉरचा शिक्का

'हा चित्रपट कोणी पाहावा' हे सांगणारं वर्गीकरण पोस्टरवर छापलेलं किंवा चिकटवलेलं असतं. सरकारने ते कधी बदललं याची नोंद असल्याने इथे अंदाजाला वाव कमी.

1971पर्यंत हे वर्गीकरण शब्दांत यायचं: सर्वांसाठी योग्य, मुलांसाठी अयोग्य, फक्त प्रौढांसाठी, अशा अर्थाच्या इंग्रजी ओळी. नोव्हेंबर 1971मध्ये जी, एनआरसी, एम आणि आर ही अक्षरं आली. यातलं 'एनआरसी' म्हणजे मुलांसाठी शिफारस नाही. 1984मध्ये त्याची जागा 'पीजी'ने घेतली. 1993मध्ये 'एमए'ची भर पडली.

म्हणजे पोस्टरवर 'एनआरसी' असेल, तर ते 1971 ते 1984 या काळातलं. 'पिकनिक अ‍ॅट हँगिंग रॉक' 1975चा चित्रपट. त्याच्या पोस्टरवर 'पीजी' छापलेलं असेल, तर विक्रेता काहीही म्हणो, ते 1975चं असूच शकत नाही. फक्त वर्गीकरण वेगळ्या चिठ्ठीवर चिकटवलेलं असेल तर सांभाळून. जुन्या पोस्टरवर नवी चिठ्ठी लावून ते पुन्हा वापरलेलं असू शकतं.

सेन्सॉरचा आणखी एक परिणाम. ऑस्ट्रेलियात 1948मध्ये भयपटांवर बंदी आली आणि ती 1960च्या दशकाच्या अखेरीस उठली. मधल्या काळातल्या परदेशी भयपटाचं ऑस्ट्रेलियन पोस्टर समोर आलं, तर चित्रपटाचं साल तसंच्या तसं पोस्टरला लावू नये.

पण ही आजची नक्कल नाही कशावरून?

पुनर्प्रदर्शनाचं पोस्टरही अस्सलच असतं, फक्त नंतरच्या काळातलं. हल्ली छापलेली नक्कल ही वेगळी गोष्ट. इथे दहा पट मोठं दाखवणारं भिंग कामी येतं.

जुनी डेबिल्स हाताने काढलेल्या लिथोग्राफ पद्धतीची असायची. अमेरिकेहून आलेल्या प्रसिद्धी साहित्यावरून स्थानिक चित्रकार चित्र नव्याने काढायचे. म्हणूनच एखाद्या डेबिलवर ओळखीचा हॉलिवूड नट अगदीच अनोळखी दिसतो. (संग्राहकांना नेमकं तेच आवडतं.) भिंगाखाली अशा छपाईत सलग रंग किंवा खडूसारखी खरबरीत रेघ दिसते. आधुनिक नकलेत छोट्या ठिपक्यांची जाळी किंवा इंकजेटचे विखुरलेले कण दिसतात.

एक घोटाळा मात्र टाळायला हवा. ऑफसेट छपाई आल्यावरच्या अस्सल पोस्टरांतही ठिपके असतात. 1979च्या 'मॅड मॅक्स'च्या पोस्टरवर ठिपके दिसले म्हणून ते खोटं ठरत नाही. 1935च्या चित्रपटाच्या पोस्टरवर सगळीकडे तसेच ठिपके दिसले, तर तो धोक्याचा इशारा.

अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारून पाहण्याची पद्धतही आहे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून वापरली जाणारी रसायनं साधारण 1950नंतर रूढ झाली. ती या प्रकाशात निळसर चमकतात. युद्धापूर्वीचा म्हणून सांगितलेला कागद तसा चमकला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

घड्या असणं चांगलंच, कारण डेबिल्स घडी घालूनच थिएटरला पाठवली जायची. मागून कापड चिकटवून दुरुस्त केलेल्या पोस्टरांची अडचण वेगळी: पाठ झाकली जाते आणि कागदाचं वय सांगणारे डाग, टाचण्यांची भोकं, जुने शिक्के दिसेनासे होतात.

चित्रपट ऑस्ट्रेलियात नक्की कधी लागला, हे घरबसल्या शोधता येतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या मोफत संकेतस्थळावर जुनी वृत्तपत्रं वाचता येतात. तिथे चित्रपटाचं नाव टाकलं की थिएटरच्या जाहिराती तारखेसह समोर येतात. 1954नंतरची वृत्तपत्रं मात्र तिथे कमी आहेत. कॅनबेरातल्या नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्हकडेही पोस्टरांचा संग्रह आहे.

आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे तीन फोटो मागावेत: तळाच्या छोट्या अक्षरांचा, पाठीचा आणि शेजारी टेप ठेवून काढलेला.