बाकाची उंची कोणाच्या मापाने?

आजींच्या चौरंगाचा एक पाय निखळला आणि तो बसवून देण्यासाठी सुतार मिळेना, एवढ्या लहानशा निमित्ताने गुलटेकडीतील एका जैन कुटुंबाच्या गच्चीलगतच्या खोलीत सुतारकामाचा बाक उभा राहिला. आजी सामायिकाच्या वेळी त्या चौरंगावर पोथी ठेवीत. एका पायासाठी कारागिराने मोठे काम सोडून यावे, ही अपेक्षाही तशी रास्त नव्हे. वडील नुकतेच कापडाच्या दुकानातून निवृत्त झालेले, लेक सत्तावीस वर्षांची, हिंजवडीत संगणकाच्या नोकरीत. "बाबा, आपणच करू," असे ती म्हणाली खरी. पण चौरंग धरायचा कशाला आणि कापायचा कशावर, येथेच गाडी अडली.

आपल्याकडचा जुना सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाच्या बोटांत दाबून रंधा मारीत असे. त्याला बाकाची गरज नव्हती. त्याचे शरीर हाच त्याचा बाक होता. ते कसब एका रविवारात येत नाही, आणि साठीतल्या गुडघ्यांना तर मुळीच नाही. म्हणून आधी बाक आणि मग चौरंग, असे ठरले.

भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये लाकूड घनफुटावर विकले जाते, आणि वडिलांचे मन तेथे प्रथमच या उद्योगात रमले. चार फूट लांब व दोन फूट रुंद बाक. पाय तीन इंच चौरस, साडेबत्तीस इंच उंच. आडव्या पट्ट्या चार इंच रुंद, दीड इंच जाड, चार बेचाळीस इंची आणि चार, कुसू धरून, वीस इंची. सर्व घन इंचांची बेरीज करून तिला १७२८ ने भागले, की दीड घनफुटाहून किंचित अधिक येते. घट धरून त्यांनी दोन घनफूट घेतले. वरच्या पाटासाठी पाऊण इंची प्लायवूडचे आठ बाय चारचे एक पान पुरले. अर्ध्या पानाचे दोन थर एकावर एक चिकटवले, की दीड इंच जाडीचा पाट होतो. उरलेल्या अर्ध्यात खालची फळी निघते आणि वर एक तुकडा शिल्लक राहतो.

लाकूड मात्र जुने घेतले. पेठांमधील वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि खांब विक्रीला येतात. ते सागवान वर्षानुवर्षे वाळलेले असल्यामुळे सहसा वाकत नाही. श्रावकाला वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म, म्हणजे जंगलतोडीचा धंदा, येतो. घरगुती बाकाला तो नियम थेट लागू होत नाही. तरी नवे झाड न पाडता काम होत असेल तर ते कोणाला नको? जुन्या लाकडात भोके दिसली, की ती टिचकी मारून पाहावीत. ताजी भुकटी गळली तर आत कीड जिवंत आहे असे समजून तो तुकडा तेथेच ठेवावा.

चिकटवण्याचाही प्रश्न होता. पूर्वी सुतार जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस तापवून वापरीत. १९५९ साली बळवंत पारेख यांनी फेव्हिकॉल आणले आणि तो धूर घराघरांतून गेला. पॉलिशची लाखही कीटकांपासूनच येते. पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहेच. तेव्हा शेवटचा हात जवसाच्या तेलाचा दिला. एक सावधगिरी येथे सांगितलीच पाहिजे : तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात, मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत.

आदिपुराणात भगवान ऋषभदेव ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकवतात, आणि प्रजेला असी, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य व शिल्प ही सहा कर्मे देतात. त्यांतील वाणिज्य आपल्या समाजाने घट्ट धरले. शिल्प मात्र बहुतांशी दुसऱ्यांच्या हाती सोपवले. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील हा सन्मान्य अपवाद. १९१९ साली स्थापन झालेल्या त्यांच्या रयत शिक्षण संस्थेत श्रम आणि अभ्यास एकत्र नांदले. गुलटेकडीच्या घरात तर आकडेमोड वडिलांची आणि करवत लेकीची, अशी वाटणी आपोआप झाली होती.

ती वाटणी मोडली बाजूच्या चौकटीपाशी. कुसवे भोकांत बसवून, गोंद लावून, वडिलांनी दोन्ही कर्ण मोजले. कर्ण समान असतील तरच चौकट काटकोनात असते. पाव इंचाचा फरक निघाला. आयुष्यभर पैशाचाही फरक वहीत राहू न देणाऱ्या गृहस्थाने सर्व उकलून पुन्हा करण्याचा आग्रह धरला. लेकीने मोठ्या कर्णावर तिरका क्लॅम्प लावला आणि हळूहळू आवळला. गोंद ओला असेपर्यंतच हे साधते. दोन मिनिटांत ताळा जमला. वडिलांनी पुन्हा मोजले, मग तिसऱ्यांदा मोजले, आणि पेन्सिल तिच्या हाती दिली. लांब पट्ट्या मात्र चिकटवल्या नाहीत. जुन्या पलंगाप्रमाणे बोल्टने आवळल्या, म्हणजे घर बदलले तर बाक सुटा करून नेता येईल. कोणाचे घर बदलेल, हे दोघांपैकी कोणीही बोलले नाही.

खरा वाद आधीच, पाय कापण्याच्या वेळी झाला होता. उभे राहून हात सैल सोडला असता मनगटाची घडी जेथे येते, ती रंधा मारण्यासाठी सोयीची उंची. वडिलांचे मनगट एकतीस इंचांवर, लेकीचे चौतीसवर. बाक निवृत्तांसाठी आहे, सबब एकतीस, असे तिचे म्हणणे. वडिलांनी व्यवहार पाहिला : पाय पुढे केव्हाही कापता येतात, वाढवता येत नाहीत. पाट धरून बाक चौतीस इंचांचाच झाला.

आता वडील कामाला उभे राहण्यापूर्वी बाकापुढे लाकडी पाट सरकवून घेतात. प्लायवूडच्या उरलेल्या तुकड्यांचे तीन थर आणि खाली चार ठोकळे, असा तो बरोबर तीन इंचांचा पाट लेकीने केला. त्या बाकावर झालेले पहिले काम तेच. चौरंगाचा पाय दुसऱ्या रविवारी बसला.