पळाल्यावर सर्दी होते ती कशामुळे?

थंडीचा नीचांक म्हटला की नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचं नाव निघतंच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि नेमक्या त्याच दिवसांत पोलीस भरतीची पोरं, हौशी मॅरेथॉनवाले पहाटेच रस्त्यावर असतात. एखाद्याचं नाक वाहू लागलं की घरून ऐकू येतं, ‘पळून पळून अंगातली ताकदच गेली.’ ही समजूत नुसती घरगुती नाही, तिला शास्त्राचाही आधार मिळाला होता. १९८७च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्के लोकांनी सर्दी-खोकला झाल्याचं सांगितलं. तयारी असूनही न धावलेल्यांत हे प्रमाण २.२ टक्के होतं. शिवाय दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर तासा-दोन तासांत रक्तातल्या लिम्फोसाइट या प्रतिकार करणाऱ्या पेशी घटलेल्या दिसतात. या दोन गोष्टींची सांगड घालून निष्कर्ष निघाला, की व्यायामानंतर काही काळ रोगजंतूंना दार मोकळं असतं.

यातली पेशींची बाजूच आधी ढासळते. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी अगदी थोड्या कोणत्याही क्षणी रक्तात असतात. धावताना ॲड्रेनालिनमुळे त्या रक्तात उसळतात आणि थांबल्यावर बाहेर पडतात. खुणा केलेल्या पेशींचा उंदरांमध्ये माग काढला, तेव्हा त्या फुफ्फुसांत, आतड्यांजवळ आणि अस्थिमज्जेत सापडल्या. कांदा चाळीतून निघून लासलगावच्या बाजारात गेला तर चाळ ओस दिसते, पण म्हणून पीक बुडालं असं कुणी म्हणत नाही. बाथ विद्यापीठाच्या कॅम्पबेल आणि टर्नर यांनी २०१८मध्ये हाच मुद्दा सविस्तर मांडला: ही घट म्हणजे पेशींची फेरवाटणी, प्रतिकारशक्तीचा ऱ्हास नव्हे.

मग ते १२.९ टक्के? ती धावपटूंनी स्वतः सांगितलेली लक्षणं होती, तपासणी कुणाची झाली नव्हती. पुढे खेळाडूंच्या अशा तक्रारींची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात जंतू सापडला. थंड, कोरडी हवा तासन्‌तास तोंडाने ओढली की घसा सोलवटतो, नाक गळतं, संसर्ग नसतानाही. स्टॉकहोमच्या २०००च्या मॅरेथॉनमध्ये तर शर्यतीनंतर आजारपण वाढलेलंच दिसलं नाही. जिथे संसर्ग खरा असतो, तिथेही प्रवास, गर्दी आणि अपुरी झोप यांच्याकडे आधी बोट जातं. नाकात सर्दीचा विषाणू सोडून केलेल्या २०१५च्या प्रयोगात सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक निघाली.

यावर कुणी म्हणेल, मग अव्वल धावपटू ऐन हंगामात आजारी का पडतात? आक्षेप रास्त आहे. नाशिक जिल्ह्याच्याच कविता राऊतने २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं; त्या पातळीचा सराव महिनोन्‌महिने चालतो. भार एकदम वाढला आणि खाणं, झोप, विश्रांती कमी पडली तर आजारपण वाढू शकतं. त्यात दोष निव्वळ पळण्याचा किती आणि बाकीच्या ताणाचा किती, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. पोलीस भरतीतल्या मुलांची धाव मात्र १६०० मीटरची, पाच-सहा मिनिटांत आटोपणारी; मॅरेथॉनचे आकडे त्यांना लावण्यात अर्थ नाही. त्यांच्या बाबतीत आधी बघावं ते रात्रीची झोप आणि पोटात काय गेलं ते. काळजी घ्यायची ती उलट दिशेने: अंगात ताप असताना पळू नये, कारण काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात आणि तेव्हाची दमछाक जिवावर बेतू शकते.